शेंदराखालचा बर्फ

सर ‘परवा’ म्हणाले की आम्ही विचारायचो, ‘कुठला परवा?’ कारण त्यांचा परवा कधी सरळसाधा मंगळवार असायचा आणि कधी दहा हजार वर्षांपूर्वीचा. एकदा त्यांनी आपल्या साडूंना सांगितलं की कन्हान नदीनं परवाच पात्र बदललंय. साडूंची शेती कन्हानच्या काठी. ते बिचारे जेवणाच्या ताटावरून उठले आणि तडक बसस्टँडवर गेले. त्यानंतर काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, घरात नियमच केला की पाहुण्यांपुढे सरांनी फक्त कालपर्यंतचं बोलायचं.

नागपुरातल्या एका कॉलेजात आम्ही दोघं भूगर्भशास्त्र शिकवायचो. सत्तरीचं दशक होतं. मी नवा व्याख्याता, सर माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. माझ्याकडे दोन गोष्टी होत्या ज्या त्यांच्याकडे नव्हत्या, स्कूटर आणि कॅमेरा. आपली मैत्री या दोन वस्तूंमुळे झाली, असं मी चिडवायचो. ते म्हणायचे, “खोटं आहे. फक्त स्कूटरमुळे.”

उंच, काटकुळे, आणि खांद्यात जरा वाकलेले. पांढरा बुशशर्ट, त्याचे दोन्ही खिसे गुडघ्याकडे निघालेले, कारण आत दगड. काकूंनी शेवटी शिंप्याकडून खिशांना आतून ताडपत्री लावून घेतली होती. भाजीला गेले की पिशवीत दोन वांगी आणि चार गोटे घेऊन यायचे. दोडक्यातला आणि पडवळातला फरक त्यांना कळत नसे. पण भाजीवालीच्या तराजूत वजन म्हणून ठेवलेला दगड कुठल्या नाल्यातला आहे हे ते तिला सांगत, आणि तिला ते पटतही असे.

या माणसाचं एकच वेड होतं, बर्फ. तेही नागपुरात. मे महिन्यात पारा शेहेचाळिसावर, पोरं दुपट्टे ओले करून डोक्याला गुंडाळून बसलेली, विभागातला एकुलता एक कूलर प्रमुखांच्या खोलीत घरघरतोय, आणि पत्र्याच्या छपराखालच्या त्या वर्गात सर सांगायचे, “तुम्ही जिथं बसलात ना, तिथं तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फ होता. साधासुधा नाही, डोंगर बुडतील एवढा जाड. आपला हा सगळा भूभाग तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या शेजारी होता.” हे सांगताना त्यांच्या हातावर खरोखर काटा यायचा. मी पाहिलाय. पहिल्या बाकावरची पोरं तो काटा बघण्यासाठीच पहिल्या बाकावर बसायची.

कामठीहून येणाऱ्या एका मुलानं एकदा विचारलं, “सर, मंग तो बर्फ गेला कुठं?”

“तेच तर शोधून राहिलो गा,” सर म्हणाले. गहिवरले की ते शुद्ध भाषा सोडून घरच्या बोलीवर यायचे. “पाहुणा गेला. पन जाताना काय काय टाकून गेला, ते पाहाले नको?”

बर्फाचा गोळा मात्र त्यांनी आयुष्यात खाल्ला नाही. उसाच्या रसातसुद्धा बर्फ घालू देत नसत. कामाची वस्तू खाण्यात घालवायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा लादीचा तास नागपुरातल्या दुसऱ्या कॉलेजांपर्यंत माहीत होता. दर उन्हाळ्यात ते बर्फाच्या कारखान्यात जाऊन अर्धी लादी सांगून ठेवत, आणि गोठवण्याआधी तिच्या तळाशी वाळू, मुरूम आणि चार-दोन टोकदार खडे टाकायला लावत. कारखानदार हात जोडायचा. “साहेब, लोक बर्फात काडी निघाली त भांडतात. तुमी कचरा टाकून मागता.” ती लादी भुशात लोळवून, गोणपाटात गुंडाळून सायकलरिक्षानं यायची. टेबलावर कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या ओळीनं चिकटवलेल्या असत. सर आणि दोन पोरं मिळून ती लादी त्या साबणावरून ओढायची. एकदाच आणि सावकाश.

“बघा आता.”

साबणावर लांबच लांब समांतर रेघा उमटलेल्या असत.

“बर्फ मऊ आहे. तो नुसता सरकतो. खरवडतात ते त्याच्या पोटातले दगड, ते त्याचे दात. त्या दातांनी खालचा खडक घासला जातो, दऱ्या रुंद होतात, टेकड्या गुळगुळीत होतात. पण दातही घासले जातात बरं का. प्रत्येक दाताला एक सपाट गाल पडतो, त्या गालावर रेघा. मग दगड बर्फात जरासा वळतो, आणि पहिल्या रेघांना छेदून दुसऱ्या रेघा येतात. असा दगड सापडला की समजा, त्यानं हिमनदीतून प्रवास केलाय. तिकीट बघायची गरज नाही.”

एका वर्षी तास संपल्यावर ती लादी त्यांनी मुद्दाम प्रमुखांच्या दारासमोर व्हरांड्यात ठेवली. दुपारपर्यंत तिचं पाणी झालं आणि उंबऱ्याशी चिखल, वाळू, मुरूम, खडे यांचा एकच ढीग उरला. प्रमुख जेवून आले आणि पॉलिश केलेला बूट त्यात घालून उभे राहिले.

“हे काय आहे?”

“हिमोढ,” सर अदबीनं म्हणाले. “नदी कशी, मोठे दगड इथं टाकते, वाळू तिथं, गाळ आणखी पुढे. सगळं निवडून-पाखडून ठेवते. हिमनदी वितळली की सगळं एकदम, जिथल्या तिथं. इतवारीत टेम्पो रिकामा करतात तसं.”

प्रमुखांनी शिपायाला, डोमाजीला, बोलावून तो ढीग झाडायला लावला. सर खराट्यासमोर आडवे उभे राहून ‘नमुना आहे, नमुना आहे’ म्हणत राहिले.

प्रॅक्टिकलची त्यांची पद्धत आणखी निराळी. मुलांच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा आणि हातात दगड द्यायचा. “डोळ्यांना रंग दिसला की डोकं झोपतं. बोटांनी वाचा.” नदीच्या गोट्याला कुठंच कोपरा लागत नाही, हिमनदीच्या गोट्याला गाल लागतात, गालावर नख अडतं. हे मुलं हळूहळू शिकत. सर स्वतः डोळे बांधून पन्नास दगडांमधून हिमनदीचे दोन काढून दाखवत. शाळेतल्या जादूच्या प्रयोगाला टाळ्या पडतात तशा पडत.

प्रमुखांना हे सगळं पोरखेळ वाटे. ते काळ्या बेसॉल्ट खडकाचे तज्ज्ञ होते. शर्टाला कडक इस्त्री आणि सहीची शाई वेगळी. माणूस वाईट नव्हता, हे आत्ताच सांगून टाकतो. पण त्यांचा जीव एका नकाशात होता. विभागाच्या व्हरांड्यात भिंतभर जिल्ह्याचा भूगर्भ-नकाशा होता, तो त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं रंगवलेला. त्यावर पेन्सिल टेकवायचीही कुणाला मुभा नव्हती. आणि सरांना त्या नकाशावर, सावनेरच्या वर, नखाएवढा हिरवा रंग हवा होता. हिमनदीच्या थराला भूगर्भशास्त्रात तालचिर म्हणतात, आणि नकाशात त्याला हिरवा देतात. निवृत्त होण्याआधी तो नखाएवढा हिरवा तिथं पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि त्यासाठी त्यांनी जे केलं, ते दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं.

सावनेरच्या पुढे नाल्याकाठी एक लहानशी वस्ती आहे. तिथं लिंबाच्या झाडापलीकडे ओट्यावर मारोती. देऊळ नाही, कळस नाही. कंबरेइतका एक दगड, शेंदरानं माखलेला, वर चांदीचे दोन डोळे. मी नोकरीला लागण्याच्या पाचेक वर्षं आधी पावसात नाल्याची दरड कोसळली आणि या मारोतीचा पाय उघडा पडला. सर नेमके तिथं. शेंदूर न लागलेला तळहाताएवढा भाग त्यांना दिसला. चुनखडी होती, आणि तसली चुनखडी आसपास कुठंच नाही. तिला सपाट गाल होता आणि गालावर पाच समांतर रेघा. नाल्याच्या तळाशी हिरवट, सुयांसारखा फुटणारा खडक, हीसुद्धा त्या थराचीच खूण. सर धावत नागपूरला आले, प्रमुखांना घेऊन आठवड्यानं परत गेले, तेवढ्यात गावकऱ्यांनी देवाचा पाय उघडा राहू नये म्हणून सिमेंटचा ओटा बांधून टाकला होता.

“पाच रेघा?” प्रमुख म्हणाले. “बैलगाडीच्या चाकाची धाव घासली असेल. हिरवी माती काय, कुठंही मिळते. अख्खी बाजू दिसू द्या. फोटो आणा, नाहीतर कुणी विश्वासाचा माणूस सांगू दे की मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी मी स्वतः ब्रश हातात घेतो.”

तिथला पुजारी किसनाबाबा. सरांनी त्याला भीतभीतच विचारलं, की शेंदूर जरासा खरवडून पाहू का?

“साहेब,” किसनाबाबा म्हणाला, “तुमच्या बापाचं तोंड मी खरवडून पाहातो म्हनलं, त पाहू देसान का गा?”

ही गोष्ट सर स्वतःच हसत हसत सांगायचे. पण बाबानं पुढे एक वाक्य जोडलं, आणि त्या वाक्यानं सरांची पुढची अकरा वर्षं खाल्ली. शेंदराची खोळ फार जड झाली की मारोती ती आपणहून टाकतो, असं तो म्हणाला. त्याच्या बापाच्या काळात एकदा टाकली होती.

दुसरा कुणी हे ऐकून निराश झाला असता. सरांनी हिशेब मांडला, की वजन वाढवलं पाहिजे.

तेव्हापासून दर शनिवारी हा पक्का नास्तिक माणूस, ज्यानं स्वतःच्या लग्नात भटजींना युगांची वर्षं दुरुस्त करून सांगितली होती, इतवारीच्या बाजारातल्या पसाऱ्याकडून, म्हणजे पूजेचं सामान विकणाऱ्या दुकानदाराकडून, शेंदराच्या पुड्या घेऊन सावनेरची वाट धरू लागला. पहिली पाचेक वर्षं एसटीनं, मी नोकरीला लागल्यावर माझ्या स्कूटरवर. मागच्या सीटवर ते, मांडीवर तेलाची बरणी. पसाऱ्यानं एकदा विचारलं, “साहेब, नवस हाय का?”

“आहे ना. शेंदूर पडावा म्हणून शेंदूर चढवतो.”

पसारी भाविक होता. त्यानं या वाक्यात काहीतरी गूढ अर्थ असणार असं धरलं आणि एक पुडी जास्तीची दिली.

काकूंनी एकदा मला स्वयंपाकघरात गाठलं. “भाऊजी, हे काय होऊन राहिलं वो? तीस वर्षं झाली लग्नाले, कधी देवापुढं उदबत्ती लावली नाही यायनं. आता शनिवार चुकत नाही. मले त भेवच वाटून राहिलं. डॉक्टरले दाखवू का?” मी म्हटलं, वयानं होतं असं. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी शनिवारचा उपास सुरू केला. त्यामुळे सरांनाही उपास घडू लागला, कारण शनिवारी घरात स्वयंपाकच होईना. रस्त्यात माझ्या डब्यातली पोळी खाऊन ते म्हणायचे, “विज्ञानासाठी लोकांनी याहून जास्त सोसलंय.”

वस्तीवर त्यांचं नाव ‘शेंदूरवाले साहेब’ पडलं. आम्ही पोचायच्या आत कुणीतरी घोंगडी अंथरून ठेवायचं. सर आधी मारोतीला तेल-शेंदूर लावत, चांगला जाड थर, भिंतीला गिलावा करतात तसा. मग घोंगडीवर बसून विहिरींच्या गप्पा मारत. एकाला त्यांनी विहिरीची जागा दाखवली. तिथं खडक लागला. दुसरी दाखवली, तिथं पाणी लागलं. पहिल्या विहिरीबद्दल गाव सरांना चिडवायचं आणि दुसरीचं श्रेय मारोतीला द्यायचं. सरांना दोन्ही मान्य होतं.

पण डाव अंगावर उलटायचा तसा उलटलाच. साहेबांची भक्ती पाहून अख्खं गाव जोमानं शेंदूर लावू लागलं, इथवर ठीक. मग गावानं ठरवलं की साहेब उन्हातान्हात येतात, तर देवाच्या ओट्यावर पत्र्याची शेड टाकू. एका शनिवारी जाऊन बघतो तर शेड उभी. सरांचा चेहरा पडला. शेंदूर-तेलाची खोळ सुटते ती वैशाखाच्या उन्हानं नरम होऊन. सावलीतला मारोती आणखी शंभर वर्षं खोळ सोडणार नव्हता.

सरांनी ओट्याला एक फेरी घातली. मग किसनाबाबाकडे वळून अगदी दुखावल्या आवाजात म्हणाले, “बाबा, ज्यानं जन्मल्याबरोबर सूर्याकडं झेप घेतली, त्याले तुम्ही सावलीत बसवता काय गा?”

किसनाबाबानं कानाच्या पाळ्या धरल्या. पुढच्या शनिवारी तीच शेड लिंबाखाली, आमच्या घोंगडीच्या जागेवर हलवलेली होती आणि मारोती पुन्हा लख्ख उन्हात. परत येताना मी हसून हसून स्कूटर दोनदा थांबवली. सर मात्र गंभीर होते. “मी त्यांना फसवलं का रे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “गोष्ट तर खरीच आहे ना?”

मग ते वर्ष आलं. जूनअखेर सर निवृत्त होणार होते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एसटीच्या कंडक्टरनं डोमाजीकडे निरोप दिला, की मारोतीनं खोळ टाकली, शनिवारी नवा शेंदूर आहे, साहेबांनी यावंच.

शुक्रवारभर सरांनी मला छळलं. कॅमेऱ्यात नवा रोल आहे ना? ऊन तिरपं असताना पोचलं पाहिजे, डोक्यावर ऊन आलं की रेघा दिसत नाहीत. तू डाव्या बाजूला उभा राहा. आधी लांबून एक, मग जवळून तीन. प्रमाण म्हणून शेजारी काय ठेवायचं? देवाशेजारी हातोडा बरा दिसणार नाही, उदबत्तीचा पुडा ठेवू. सकाळी सहाला ते माझ्या दारात उभे होते, धुतलेल्या शर्टात, आणि खिसे रिकामे.

वस्तीवर सगळं गाव जमलं होतं. चार माणसांनी धोतरं आडवी धरून मारोतीभोवती पडदा केला होता. पडलेली खोळ पळसाच्या पानांवर ठेवली होती, नदीत सोडायला. किसनाबाबा पुढे आला. त्यानं सरांचा दंड धरला.

“साहेब, पहिला हात तुमचा. साऱ्या गावानं ठरवलं. अकरा वर्षं तुमी त्याले कपडा चढवला, त नवा कपडा बी तुमीच घाला.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “पन देव उघडा पाहू नाही. हात लावणाराचे डोळे बांधा लागतात. मी बी मिटतो. तुमच्या दोस्ताले ताट धराले आत घ्या. त्यायचे डोळे आमी बांधत नाही, तुमच्यासंगं आले हायेत. मिटा म्हना म्हनजे झालं.”

माझ्या गळ्यात कॅमेरा होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे.

“डिकीत ठेवून ये.”

मी त्यांच्या कानाशी गेलो. “सर, पाच आठवडे उरलेत.”

“मोजता येतं मला. ठेवून ये.”

मला त्यांचा राग आला, खरं सांगतो. अकरा वर्षांचा शेंदूर, माझं पेट्रोल, काकूंचे उपास, सगळं एका माणसानं दंड धरल्यामुळे पाण्यात गेलं असं मला वाटलं. कॅमेरा ठेवून परत आलो तोवर सरांच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधून झाला होता.

पडद्याच्या आत आम्ही तिघं. किसनाबाबानं डोळे मिटले. मीही मिटले. मग सरांचा आवाज आला, अगदी हळू, “गाल... सपाट. हां. हा दुसरा...” प्रॅक्टिकलला ते असंच पुटपुटायचे. तेव्हा मी डोळे उघडले.

हो, उघडले. ज्याचे डोळे विश्वासावर सोडले होते, त्यानंच उघडले.

सकाळचं तिरपं ऊन पडद्यावरून आत येत होतं. समोर तो दगड उघडा होता, राखाडी, तेलानं ओलसर, एक अख्खी बाजू रंध्यानं तासल्यासारखी. आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत रेघाच रेघा, आणि त्यांना छेदून जाणाऱ्या दुसऱ्या रेघा. सरांची बोटं त्यावरून चालली होती. एका रेघेवरून खाली उतरायची, दुसरीवर वळायची, पुन्हा वर जायची. दुपट्ट्याच्या खालून त्यांच्या गालावर पाणी आलं होतं. मीही तिथं रडलो असतो, पण हातात ताट होतं.

“तेल,” सर म्हणाले. मी घाईनं डोळे मिटले आणि ताट पुढे केलं.

साहेबांनी डोळे बांधून मंत्र म्हटले, असं किसनाबाबा नंतर गावाला सांगत होता. सरांनी ते खोडलं नाही.

परतीच्या वाटेवर ते मागच्या सीटवर बसून माझ्या पाठीशी बोलत राहिले. “चुनखडी आहे रे. उघड्यावर असती तर पावसानं रेघा केव्हाच धुऊन नेल्या असत्या. या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तेल लावून जपल्या. आणि मी त्यांना आडकाठी समजत होतो. मला लाज वाटते.” आवाज खरोखर तसाच होता. थोड्या वेळानं मला राहवेना.

“सर, मी डोळे उघडले होते.”

एक मैल गेला. सर मला आता कायमचं टाकणार असं वाटायला लागलं.

“किती अंश?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“दोन रेघांच्या मधला कोन. किती अंश?”

“चाळीसेक असेल.”

“पंचेचाळीस,” सर म्हणाले. “डोळ्यांनी पाहिलंस ना, म्हणून चुकलास.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आता ते विसर. कुणाजवळ बोलायचं नाही. किसनाबाबानं माझ्या भरवशावर तुला सोडलं होतं.”

कॉलेजात पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती, डोमाजी कुलूप लावायच्या बेतात. सर तडक व्हरांड्यात गेले, नकाशासमोर उभे राहिले, सावनेरच्या वर बोटानं नाल्याची निळी रेघ शोधली आणि शेंदरानं भरलेला उजवा अंगठा तिथं टेकवला. मग घरी निघून गेले.

सोमवारी सकाळी प्रमुखांचा आवाज सगळ्या विभागानं ऐकला. डोमाजी ओलं फडकं घेऊन नकाशासमोर उभा होता, पण हात वर करत नव्हता.

“साहेब, मारोतीचा शेंदूर हाय. शनिवारचा. तुमाले पुसाचा त तुमी पुसा. मी नाही पुसत.”

प्रमुखांनी फडकं हातात घेतलं. नकाशापर्यंत नेलं. तिथंच थांबले आणि सरांकडे वळले. “पाहिलंत तुम्ही?”

“नाही.”

“फोटो?”

“नाही.”

“मग कशाच्या आधारावर?”

सरांनी दोन्ही हात पुढे केले. “वाचलं.”

प्रमुखांनी सुस्कारा टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही होतात ना तिथं? तुम्ही पाहिलंत का? नुसतं हो म्हणा, मी आत्ता ब्रश मागवतो.”

सर व्हरांड्याबाहेर बघत होते. माझ्या तोंडात एक शब्द होता आणि त्या एका शब्दानं नखाएवढी जागा हिरवी होणार होती. तो शब्द मी गिळला.

“माझे डोळे मिटलेले होते, सर,” मी म्हणालो.

बाहेर पाहणाऱ्या सरांनी नुसती मान हलवली. परीक्षेत मुलाचं उत्तर बरोबर आलं की हलवायचे, तशी.

प्रमुखांनी फडकं डोमाजीला परत दिलं. त्यांनी ठसा पुसला नाही. खिशातली पेन्सिल काढून ठशाशेजारी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात ‘तालचिर’ लिहिलं, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. त्यांच्यासारख्या माणसानं एवढं करणं म्हणजे खूप होतं, हे सरांनाही कळलं. निरोपसमारंभात दोघं शेजारी बसले. डोमाजी तेव्हापासून दर शनिवारी नकाशाखाली जास्वंदीचं फूल ठेवू लागला, आणि नवी पोरं परीक्षेआधी तिथं हात जोडू लागली. सरांना हे कळलं तेव्हा ते खोकला येईपर्यंत हसले. “बघ,” म्हणाले, “हिमनदीची पूजा होते असं नागपूर हे जगातलं एकच गाव.”

निवृत्तीनंतरही ते शनिवारी जातच राहिले, एसटीनं. आता खोळ पडायची गरज नव्हती. कशाला जाता, असं मी विचारलं तर म्हणाले, “त्याले सवय झाली गा माझी.” काही वर्षांनी एका हिवाळ्यात ते गेले. किसनाबाबा घाटावर आला होता. त्यानं सोबत शेंदराची पुडी आणली होती आणि ती कुठं ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. काकूंनी ती हातात घेतली.

त्यानंतरच्या जूनमध्ये प्रमुखांच्या खुर्चीवर मी बसलो. पहिल्या दिवशी सगळे गेल्यावर व्हरांड्यात जाऊन नकाशासमोर उभा राहिलो. ठसा तसाच होता, थोडा विटकरी पडलेला. मी डोळे मिटून त्यावर बोट ठेवून पाहिलं. तेलकट लागला. मग खिशातून खोडरबर काढला आणि प्रश्नचिन्ह खोडायला लागलो.

डोमाजी मागे किल्ल्या घेऊन उभा होता. “काय पुसून राहिले साहेब?”

“मी इथं एकदा खोटं बोललो होतो, डोमाजी. तेवढंच पुसतोय.”

त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या.

“पुसा मंग,” म्हणाला. “पन शेंदराले धक्का लावू नका.”